उकुलेले निवड समितीचे सोळा महिने

वस्तू वापरणं कुणालाही जमतं, निवडायला मात्र माणूस लागतो. हे सत्य जगाला अजून नीटसं उमगलेलं नाही, म्हणून जगात वस्तू वापरणारे उदंड आणि वस्तूंबद्दल अधिकारानं बोलणारे थोडे, अशी अवस्था आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके याला अपवाद. इथं माणूस एकटा जाऊन काही विकत घेत नाही. मोटारसायकल घ्यायची तर चौघं जातात (येताना तिघं त्याच मोटारसायकलवर, चौथा मिळेल त्या गाडीनं). मिक्सर घ्यायचा तर दोन आळ्यांचं मत लागतं. बैल घ्यायचा तर भरलेली जीप. एकट्यानं घेतलेली वस्तू चांगली निघाली तरी तिला चोरीच्या मालाची कळा असते, आणि वाईट निघाली तर ‘आमाला इचारलं व्हतं का?’ हे वाक्य ऐकत उरलेलं आयुष्य काढावं लागतं.

राजुरीच्या अमृतनं जे केलं ते याच परंपरेतलं होतं, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की त्या माणसात काही दोष होता.

अमृतचं राजुरीत जळालेल्या पाणमोटारी रिवाइंडिंग करून देण्याचं दुकान. केसासारखी तांब्याची तार बोटांत धरून, समोरच्याशी राजकारणावर बोलता बोलता, एकही वेढा न चुकवता तो मोटार भरतो. बायको वृषाली घर, गोठा आणि कांद्याचं शेत बघते. एकुलती एक लेक हर्षाली पुण्यात इंजिनिअरिंगला, वसतिगृहावर. दर रविवारी अमृत तिला फोन करायचा. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘पैसं हायेत का?’ ‘आहेत.’ ‘ठिऊ का मग?’ ‘ठेवा.’ मोबाइलमधल्या नोंदींवरून काढलेली सरासरी अडतीस सेकंद. माया कमी होती असं नाही. विषय कमी होता. फोन ठेवल्यावर अमृत थोडा वेळ मोबाइलकडे बघत बसायचा, आणि त्याला दर रविवारी तितकंच वाईट वाटायचं.

जूनमध्ये सुट्टी संपवून जाताना हर्षालीनं दुकानाच्या टेबलावर एक वाद्य ठेवलं. गिटारचं वासरू म्हणावं एवढं, नायलॉनच्या चार तारांचं. त्याला उकुलेले म्हणतात.

‘‘बाबा, हे माझं जुनं. मी दुसरं घेतलंय. तीन कॉर्ड शिका फक्त. दिवाळीत दोघं मिळून एक गाणं वाजवू.’’

त्या रविवारचा फोन अकरा मिनिटं चालला. मध्येच अमृतनं मोबाइल कानावरून काढून बघितला, बंद पडून अडकला तर नाही ना म्हणून. चौथ्या दिवशी त्याला पहिला कॉर्ड यायला लागला. सी नावाचा हा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा मेळ, एका बोटात होतो आणि अमृतची बोटं तारेला सरावलेली. पुढच्या रविवारी त्यानं तो फोनवर वाजवून दाखवला. पलीकडून लेक म्हणाली, ‘‘बाबा, मस्त. आता दोनच राहिले.’’ अमृतला इतका आनंद झाला की त्यानं त्या दिवशी एका मोटारीचे वेढे दोनदा मोजले.

हे असंच चालू राहिलं असतं तर श्रावणापर्यंत तो माणूस गाणं वाजवायला लागला असता. सुदैवानं बुधवारी गेणभाऊ दुकानात आले.

गेणभाऊ आणे गावचे. पठारावर त्यांची जमीन, दारात शर्यतीचे बैल आणि ते पळतात त्या घाटात चाळीस वर्षांचं नाव. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात गेणभाऊ एखाद्या खोंडापुढं नुसते उभे राहिले तरी त्याचा भाव वाढतो आणि न थांबता पुढं गेले तर मालक खोंडाला घरी घेऊन जातो. ते मोटार टाकायला आले होते. टेबलावरचं उकुलेले त्यांनी उचललं, फिरवलं, उलटं केलं, भोकात डोळा घालून आतलं पाहिलं, आणि एक तार छेडली.

‘‘आरं, हे उतरतंय.’’

‘‘थोडं उतरतं, भाऊ. खुंट्या ढिल्या हायेत. परत पिळायचं.’’

‘‘कितींदा पिळतो दिसातनं?’’

‘‘आठ-धा वेळा.’’

गेणभाऊंनी ते खाली ठेवलं, लंगड्या जनावराला ठेवतात तसं. ‘‘नवशिक्याला हलकं जनावर कदी देऊ नये, अमृत. हलक्यावर शिकलेला गडी जल्मभर हलकाच ऱ्हातो. तुजी लेक हाय शिकल्याली. तिच्यापुढं आसली वस्तू घिऊन बसनार तू?’’

पहिलं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. नवीन शिकणाऱ्यानं जरा चांगल्या प्रतीचं वाद्य घ्यावं, हे त्या वाद्यातले जाणकारही सांगतात (गेणभाऊंना ते ठाऊक नव्हते आणि त्यांना गेणभाऊ ठाऊक नव्हते). पण अमृतच्या मनात जाऊन बसलं ते शेवटचं वाक्य. त्यानं रविवारी हर्षालीला विचारलं.

‘‘हो बाबा, जरा बरं घ्या की. तीनच गोष्टी बघा. खुंट्या घट्ट हव्यात, म्हणजे सूर टिकतो. तारा पट्टीपासून फार उंच नकोत, नाहीतर बोटं दुखतात. वरची फळी अख्ख्या लाकडाची मिळाली तर उत्तम. आणि घेताना वाजवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.’’

‘अर्ध्या तासाचं काम’ हे शब्द पुढं समितीच्या वहीत नोंदले गेले. त्यांच्यासमोर शेरा आहे : ‘वय लहान. अनुभव नाही.’

समिती आषाढात स्थापन झाली. अध्यक्ष गेणभाऊ. लाकूड विभाग सयाजी सुतारांकडे. सयाजी शर्यतीचे गाडे बनवतात आणि सागवान सोडून बाकी सगळ्या झाडांना सरपण समजतात. आण्याच्या माळावर मेंढरं राखणारा राघू हा निमंत्रित सदस्य. राघूला बोलवायचं कारण असं की तो यात्रेत ढोल वाजवतो, त्यामुळं समितीत वाद्याची माहिती असलेला एकतरी माणूस असावा असं ठरलं. त्याला मताचा अधिकार नव्हता. अमृतकडे गाडी आणि चहा-नाष्टा ही दोन खाती होती.

पहिल्याच बैठकीत हर्षालीच्या तीन कसोट्या अपुऱ्या ठरवून त्यांच्या सत्तावीस करण्यात आल्या. त्यांतल्या काही इथं देतो, कारण नवीन शिकणाऱ्यांना त्या अन्यत्र मिळणार नाहीत. वाद्य समोरून पाहताना मान सरळ असावी. बाजूनं पाहताना पोट सुटलेलं नसावं. अंगावर तकाकी असावी, पण तेल लावून आणलेली नसावी (ओल्या फडक्यानं पुसून खात्री करावी). चारी खुंट्या एकाच दिशेनं बघणाऱ्या असाव्यात. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाद्य जात असल्याचं थोडं दुःख असावं. ते नसेल तर माल खोटा. अठरावी कसोटी ‘आवाज’ अशी होती. तिच्यापुढं कंसात ‘सवडीनं’ असं लिहिलं होतं.

जुनं उकुलेले त्याच दिवशी ठरावानं वापरातून बाद झालं. ‘हात बिघडवतं’ असा शेरा मारून ते अमृतच्या घरी पाठवण्यात आलं आणि वृषालीनं ते स्वयंपाकघरात चाळणीच्या खिळ्याला अडकवलं. नवं येईपर्यंत अमृतनं कुठल्याही वाद्याला बोट लावू नये असंही ठरलं. नवीन घोडं येणार म्हटल्यावर जुन्याची सवय मोडलेली बरी.

पाहणीला सुरुवात झाली. तिचा गोषवारा असा : पाहिलेली दुकानं नऊ (पुणे पाच, नाशिक दोन, नारायणगाव एक, आळेफाटा एक, शेवटच्या ठिकाणी फक्त खेळणी होती, पण वाटेवर होतं). हाताळलेली वाद्यं एकसष्ट. उलटी करून पाहिलेली एकसष्ट. हुंगलेली चव्वेचाळीस. टकटक केलेली एकोणसाठ, कारण दोन दुकानदारांनी मध्ये हात घातला. वाजवून पाहिलेली एक, आणि तीही समितीच्या परवानगीशिवाय.

वाजवून न पाहण्यामागं विचार होता. प्रत्येक दुकानदार ‘वाजवून बघा ना’ असा आग्रह करायचा आणि त्यानंच गेणभाऊंचा संशय बळावायचा. ‘‘दुकानात वाजवलं की ते वापरल्यालं झालं,’’ ते बाहेर आल्यावर समजावून सांगायचे. ‘‘आन वापरल्यालं घ्यायला आपन काय भंगारवालं हाये का?’’

जे एक वाजलं ते पुण्यात. भाद्रपद लागायचा होता. समिती एका दुकानात सयाजींच्या टकटकीपाशी पोहोचली होती (‘‘कशाचं हाय?’’ ‘‘महोगनी.’’ ‘‘सागवान न्हाई?’’ ‘‘नाही.’’ सयाजींनी मयताची बातमी ऐकल्यासारखी मान हलवली). तेवढ्यात हर्षाली कॉलेजच्या मधल्या सुट्टीत तिथं आली. तिनं भिंतीवरचं एक उकुलेले काढलं, सूर लावला आणि उभ्या उभ्या मिनिटभर वाजवलं. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. राघूनं डोळे मिटून घेतले होते.

‘‘बाबा, हेच घ्या. तारा बघा किती खाली आहेत. तुमचं बोट दुखणार नाही.’’

‘‘आवाज लई ग्वाड हाय,’’ राघू म्हणाला. ‘‘घ्या हेच.’’

अमृतनं ते हातात घेतलं. बोट आपोआप सीच्या जागेवर गेलं. त्याला ते मनापासून आवडलं होतं आणि लेकीनं आपल्या बोटाचा विचार केला, याचं त्याला त्याहून अप्रूप वाटलं. तो खिशात हात घालणार, इतक्यात गेणभाऊंनी वाद्य त्याच्या हातातून घेऊन उलटं केलं. पाठीवर, मानेच्या खाली चार बोटं, लाकडाच्या रेषा गोल फिरल्या होत्या.

‘‘भवरा,’’ गेणभाऊ म्हणाले.

सयाजींनी टोपी सरळ केली.

‘‘खांद्यामागचा भवरा हाय. मालकाला लाभत न्हाई. मागं आमच्या हितल्या एकानं आसल्या भवऱ्याचं खोंड घेतलं, वर्साच्या आत हीर ढासळली.’’

‘‘आजोबा, हे लाकूड आहे,’’ हर्षाली म्हणाली.

‘‘बाय, मी कुटं म्हनलो बैल हाय?’’ गेणभाऊंचा आवाज जराही चढला नाही. ‘‘पन भवरा तर भवराच ना.’’

या युक्तिवादाला शास्त्रात उत्तर नाही. अमृतनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा गेणभाऊंकडं. लेक म्हणत होती ते खरं, हे त्याला आतून कळत होतं. पण तीन माणसं आपल्यासाठी आपापली कामं सोडून आलेली; त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा शब्द भर दुकानात मोडायचा, ही गोष्ट अमृतच्या घराण्यात कुणी केलेली नव्हती.

‘‘बघू,’’ तो म्हणाला.

‘बघू’ म्हणजे काय ते हर्षालीला लहानपणापासून माहीत होतं. तिनं ते उकुलेले परत भिंतीवर लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि ती तासाला निघून गेली.

त्यानंतर कामानं खरा वेग घेतला, म्हणजे बैठका वाढल्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून खरेदी नाही. पितृपक्षात तर नाहीच. मग कांद्याची लागण. मार्गशीर्षापासून यात्रांचे दिवस. तेव्हा गेणभाऊ घाटात असतात, आणि गेणभाऊ घाटात असताना समितीनं काही ठरवणं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढणं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं. हिशेब करता वर्षात उकुलेले घ्यायला निर्दोष असे अकरा दिवस निघाले, त्यांतले चार सोमवार (बेल्ह्याचा बाजार) आणि तीन अमावास्येला लागून. मधल्या काळात व्हॉट्सअॅपवर ‘उत्तम उकुलेले निवड’ नावाचा गट उघडला. त्यात चौसष्ट माणसं आली. रोज सकाळी चौसष्ट फुलांची चित्रं यायची आणि अधूनमधून कुणीतरी विचारायचं, ‘काय झालं मग?’ वाजवता येणारं त्यात कुणी नव्हतं, त्यामुळं मतभेद झाले नाहीत.

पहिली दिवाळी आली. हर्षाली आली.

‘‘घेतलं का, बाबा?’’

‘‘शेवटच्या टप्प्यात हाय.’’

ती हसली. दुपारी स्वयंपाकघरात करंज्या तळून झाल्यावर तिनं खिळ्यावरचं जुनं उकुलेले काढलं आणि आईच्या हातात दिलं. वृषालीनं पदराला हात पुसले. खुरपं आणि दावी धरून घट्टे पडलेल्या त्या बोटांना तारा टोचल्या नाहीत. खुंट्या उतरायच्या, ती पुन्हा पिळायची. गोठ्यातल्या गाईचं दावंही दिवसातून चारदा सुटतं, त्यात तिला नवल वाटलं नाही. दिवाळी संपेपर्यंत तिला दोन कॉर्ड यायला लागले. याची नोंद समितीकडे नाही, कारण ते वाद्य बाद झालेलं होतं.

रविवारचे फोन हळूहळू पुन्हा पूर्वीच्या सरासरीला आले. हर्षाली विचारायची, ‘‘मिळालं का?’’ अमृत सांगायचा, ‘‘नाशिकला एक बघितलंय.’’ पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. अमृतला ते कळलं आणि लागलंही. त्यानं मनाशी ठरवलं की एवढा वेळ गेलाच आहे तर आता असं उकुलेले घ्यायचं की लेक बघतच राहील.

वैशाखात बातमी आली. हर्षालीला बेंगळुरूत नोकरी लागली होती. येत्या दिवाळीचे चार दिवस घरी काढून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती जाणार होती. नंतर सुट्टी कधी मिळेल ते तिलाही माहीत नव्हतं.

अमृत त्या दिवशी मोटारसायकलवरून थेट आण्याला गेला. ‘‘भाऊ, आता उरकाया पायजे,’’ तो म्हणाला. ‘‘ही दिवाळी गेली की पोरगी गेली.’’

गेणभाऊ कठीण मनाचे नाहीत. त्यांनी अमृतच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक घेतली. तीत पुढची बैठक कधी घ्यायची ते एकमतानं ठरलं.

खरेदी दसऱ्याला झाली. साडेतीन मुहूर्तांतला एक असल्यानं त्या दिवशी लाकूड फुगत नाही आणि आकसतही नाही. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात, काचेच्या कपाटात, कोआ नावाच्या परदेशी लाकडाचं उकुलेले होतं. अंगावर सोनेरी लाटा, मान सरळ, पाठीवर एकही भवरा नाही. सयाजींनी टकटक केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सागवानाविषयी काही बोलले नाहीत. शिवाय ते सगळ्यांत उंचपुरं होतं. लहान उकुलेले हे खोंड, मोठं हा सगळे दात येऊन जुळलेला बैल, असं गेणभाऊंचं मत.

‘‘हे बॅरिटोन आहे,’’ दुकानदार अमृतला म्हणाले. ‘‘याच्या तारा वेगळ्या सुरात लावतात. नवीन शिकणाऱ्यासाठी मी जरा लहान सुचवेन.’’

‘‘मोटं देताना जीव दुकतोय त्येंचा,’’ गेणभाऊ कुजबुजले. पाचवी कसोटी पूर्ण झाली.

किंमत चिठ्ठीवर छापलेली होती. समितीनं तिच्याकडं न पाहण्याची काळजी घेतली. गेणभाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढलं, काउंटरवरच्या दुकानदारांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली आपला हात घातला. बैलबाजारात भाव असाच ठरतो : कापडाखाली बोटं दाबून, तोंडातून शब्द न काढता. दुकानदार सभ्य गृहस्थ होते. त्यांना आधी वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली असावी, म्हणून त्यांनी हात घट्ट धरला. गेणभाऊंनी तो नकार समजून आणखी दोन बोटं दाबली. बऱ्याच वेळानं दुकानदार हसून ‘बरं’ म्हणाले. सौदा झाला. कितीला झाला ते रिवाजानुसार सांगायचं नसतं आणि अमृतनं ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. नंतर महिनाभर तो चहात साखर कमी घालायचा, एवढंच वृषाली सांगते.

दसरा ते दिवाळी वीस दिवस होते. तीन कॉर्ड शिकायला ते पुरेसे आहेत, असं अमृतनं परतीच्या वाटेवर मनात मांडलं होतं.

पहिला दिवस लेण्याद्रीला गेला. शालीत गुंडाळलेलं उकुलेले घेऊन समिती सगळ्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनाला गेली. माकडं फार म्हणून राघू काठी घेऊन मागं होता. पुढचे तीन दिवस वेशीवरच्या फ्लेक्सला लागले. त्यावर मध्यभागी उकुलेले, त्याच्या डाव्या बाजूला अमृत, आणि खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे चेहरे होते. त्यानंतर आठ दिवस बघायला येणाऱ्यांचे. नारायणगावापासून मंचरपर्यंतची माणसं आली. हळद-कुंकू लावलं, मोबाइलवर फोटो काढले, ‘काय अंग हाय राव’ म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

बाराव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून अमृतनं शाल सोडली. वाद्य मांडीवर घेतलं. त्याचं बोट सीच्या जागी गेलं आणि सोळा महिन्यांनी अंगठा तारांवरून फिरला. जे वाजलं ते सी नव्हतं. मोठ्या उकुलेलेच्या तारा वेगळ्या, त्यामुळं त्याला येत असलेली एकुलती एक गोष्टसुद्धा आता येत नव्हती. तो पुन्हा बोट ठेवून बघत होता, तोच सयाजी दारात उभे राहिले.

‘‘आरं आरं, काय करतो?’’

‘‘वाजवून बघतोय.’’

‘‘शर्यतीचा बैल कुनी औताला जुपतं का, अमृत? घासून जाईल की त्ये. रोजच्या वापराला ही वस्तू हाय का?’’

हे आता फक्त सयाजींचं मत राहिलं नव्हतं. शर्यतीच्या बैलाला नांगर दाखवत नाहीत. तो खातो, न्हातो, झूल पांघरून उभा राहतो आणि वर्षातून काही सेकंद पळतो. उकुलेलेचा दर्जा त्याहून कमी धरणं बरं दिसलं नसतं. त्याच संध्याकाळी गटावर नियम आले : उन्हात काढू नये, धुराजवळ नेऊ नये, तेलकट हातानं धरू नये, आणि वाजवायचं झाल्यास प्रसंग तसा असावा. अमृतनं शाल परत बांधली. हायसं वाटलं त्याला, हे कबूल केलं पाहिजे. वाजवता येत नाही, यापेक्षा वाजवायचं नसतं, हे सांगायला सोपं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी जेवणं झाल्यावर हर्षाली स्वतःचं उकुलेले घेऊन ओसरीवर बसली. ‘‘आणा बाबा तुमचं.’’

अमृतनं आतून शाल आणली, सोडली. हर्षाली बघतच राहिली, हे मात्र त्यानं ठरवलं होतं तसं झालं.

‘‘केवढं सुंदर आहे हो. वाजवा ना.’’

तो शालीची घडी घालायला लागला. मग म्हणाला, ‘‘आजून नवं हाय. लाकूड बसाया पायजे जरा.’’

‘‘आपण हळूच वाजवू. एकच गाणं.’’

‘‘बॅरिटोन हाय ना ते. त्याचं वायलं असतं.’’ आणि मग, खाली बघत, ‘‘मला येत न्हाई, बाय. राहूनच गेलं शिकायचं.’’

हर्षालीनं आपल्या उकुलेलेची एक खुंटी पिळून बघितली. रागावली असती तर अमृतला बरं वाटलं असतं. वृषाली भांडी आवरून बाहेर आली, तिच्या हातात खिळ्यावरचं जुनं उकुलेले होतं. ती पायरीवर बसली, खुंट्या पिळल्या, एकदा कान देऊन ऐकलं, पुन्हा एक पिळली.

‘‘कुठलं घ्यायचं?’’ तिनं लेकीला विचारलं.

‘‘तू म्हणशील ते.’’

दोघींनी एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मध्ये वृषालीची एक तार उतरली, ती हसली, लेकही हसली, आणि तसंच पुढं गेल्या. मग दुसरं वाजवलं. मग पहिलंच पुन्हा. अमृत मांडीवर कोआ लाकडाचं उकुलेले घेऊन बसला होता. ऐन सणाचं रडायचं नसतं म्हणून तो वाद्यावरची धूळ पुसत राहिला, जी नव्हती.

हर्षाली ठरल्या दिवशी बेंगळुरूला गेली. आता दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मायलेकी मोबाइलवर समोरासमोर बसून वाजवतात. कधी तासभर चालतं. वाजवताना वृषालीचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळं मोबाइल धरायला माणूस लागतो. ते काम अमृतकडं आहे. तो बारीक तारेवर काम करणारा, त्याचा हात अजिबात हलत नाही. चित्र इतकं स्थिर येतं की हर्षालीनं एकदा त्याचं कौतुकही केलं. त्यालाही आता शिकायचं आहे. पण एवढ्या उंची वाद्याला शिकवणाराही त्याच तोडीचा पाहिजे, म्हणून शिक्षक निवड समिती नेमली असून तिची पहिली पाहणी कांदे निघाल्यावर आहे.

निवड समितीचा लौकिक मात्र चहूकडं झाला. रोज कुठून कुठून फोन येतात. कुठल्या कंपनीचं घेतलं, लाकूड कोणतं, दुकान कुठलं, गेणभाऊंनी शेवटी बोटं किती दाबली. मायलेकींनी त्या दुपारी कुठलं गाणं वाजवलं, हे विचारणारा फोन अजून एकही आलेला नाही. तुम्हीही इथवर आलात, आणि खरं सांगा, किंमतच विचारणार होता.